वस्तू बाहेर नेण्याचे कारण

"जोर लावू नका. वस्तूला इजा होईल," रखवालदार म्हणाला.

हरकतनाहींनी जोर लावणं थांबवलं. त्यांचा उजवा हात तलवारीच्या मुठीत अडकला होता आणि वीस मिनिटं झाली तरी निघायचं नाव घेत नव्हता. त्यांचं खरं नाव अर्थातच वेगळं. पण कचेरीत कुणी कसलंही काम गळ्यात मारलं, तरी हे "हरकत नाही" म्हणून मोकळे. म्हणून नाव पडलं ते पडलं. मोठ्या साहेबांनी लांबच्या गावी बदली काढली, तेव्हाही तोंडातून हेच निघालं होतं. बायकोची शाळेतली नोकरी इथे, मुलीची दहावी इथे, आणि हे तिकडे एकटे. बायकोनं आज बजावूनच पाठवलं होतं, "बदली रद्द झाल्याशिवाय घराचं तोंड बघू नका." साहेबांनी एकची वेळ दिली होती. त्यानंतर साहेब आठवडाभर दौऱ्यावर, आणि बदली उद्यापासून लागू.

बाराला कचेरीच्या दाराशी पोचले, पण आत पाऊल टाकवेना. म्हणून जरा धीर एकवटायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे युरोपातल्या जुन्या तलवारी मांडल्या होत्या. एक माणसाएवढी उंच, दोन हातांनी पेलायची. एक विणायच्या सुईसारखी बारीक. प्रत्येकीपुढे उभं राहून हे मनातल्या मनात "साहेब, एक विनंती होती" घोकत होते. शेवटच्या टेबलावर साखळीला बांधलेली एक बोथट नक्कल होती. मुठीभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा, आणि शेजारी पाटी: 'हातात घेऊन पाहा'. आजवर कुठल्याही पाटीचं म्हणणं त्यांनी मोडलं नव्हतं.

साबण झाला, तेल झालं. शेवटी संग्रहालयाच्या मुख्य बाई आल्या. त्यांनी मूठ सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"पट्टी कापता येणार नाही. वस्तूला नोंद क्रमांक आहे."

"आणि हाताला?" रखवालदारानं विचारलं.

"हाताला नाहीये," बाई विचारात पडून म्हणाल्या.

हरकतनाहींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बाई, मला एक वाजता साहेबांना भेटायचंय. फार महत्त्वाचं आहे हो."

"मग जा ना. पण वस्तू एकटी बाहेर जात नाही. रखवालदार बरोबर येईल. हा फॉर्म भरा."

फॉर्म डाव्या हातानं भरावा लागला. 'वस्तू बाहेर नेण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'साहेबांची भेट'. घरी काय ते कळवायला हवं, म्हणून रखवालदारानं त्यांच्याच फोनवरून बायकोलाही सांगून टाकलं.

मग वरात निघाली. पुढे तलवार घेऊन हरकतनाही, मागे साखळीचं टोक धरून रखवालदार. हा रस्ता ओलांडायला त्यांना रोज दहा मिनिटं लागत. आज दोन्हीकडच्या गाड्या आपसूक थांबल्या.

"हरकत नाही, आधी तुम्ही जा," ते एका ट्रकवाल्याला म्हणाले. ट्रकवाल्यानं ट्रक मागे घेतला.

कचेरीतला शिपाई आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासाठी उठून उभा राहिला. आत साहेब फोनवर होते. त्यांनी फोन ठेवला.

"बसा."

"बसता येत नाही साहेब. टोक लागतं."

"कुणाला?"

"खुर्चीला."

साहेबांनी मागे पाहिलं. "आणि हे कोण?"

"मी साखळी धरायला आलोय," रखवालदार म्हणाला. "मोकळं सोडायचं नाही, असा नियम आहे."

हे तलवारीबद्दल आहे, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही.

"साहेब, एक विनंती होती. बदलीचं जरा..." हरकतनाहींना बोलताना हात हलवायची सवय. टेबलावरची फुलदाणी गेली.

"रद्द. अहो, रद्दच करणार होतो मी," म्हणत साहेबांनी कागद ओढला आणि भराभर लिहायला घेतलं.

तेवढ्यात धापा टाकत बायको आली. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची. एका नजरेत तिच्या सगळं लक्षात आलं.

"मूठ आवळून धरलीय तुम्ही. बरणीत हात घालून गोळ्या धरणारी पोरं अशीच अडकतात. बोटं सरळ करा बघू."

हरकतनाहींनी बोटं सरळ केली. हात सुळकन बाहेर आला. सकाळपासून गोळा केलेला सगळा धीर त्यांनी त्या मुठीत धरून ठेवला होता. त्यांनी तलवार टेबलावर ठेवली.

साहेबांचं पेन सहीच्या जागेवर थांबलं. मग त्याला टोपण लागलं.

"तसं म्हटलं तर," साहेब खुर्चीत मागे रेलले, "दौऱ्यावरून आल्यावर बघू ना सावकाश. काय, हरकत नाही ना?"

हरकतनाहींनी तोंड उघडलं. सवयीचं उत्तर जिभेवर आलंच होतं. पण मुलीचा चेहरा आठवला. हो म्हणवेना, नाही म्हणायची सवय नाही. ते वाकून फुलदाणीचे तुकडे गोळा करू लागले.

बायकोनं टेबलावरची तलवार उचलली आणि मुठीत हात घालून पाहिला.

"बरीच जड आहे, नाही?" ती म्हणाली. मग अगदी शांतपणे, "अगंबाई. माझाही अडकला."

"वहिनी, बोटं सरळ करा ना," साहेब म्हणाले.

"होत नाहीयेत." ती टेबलाला वळसा घालून साहेबांच्या बाजूला आली. साखळी ताणली गेली, तसा रखवालदारही आला. "कुठवर आलं होतं लिहून? सहीपाशी ना?"

साहेबांनी सही केली. शिक्का मारला. न सांगता तारीखही घातली.

तिघं खाली उतरत असताना रखवालदारानं जिन्यातच फॉर्म पुढे केला. "ताई, आता तुमची सही लागेल. वस्तू तुमच्या हातात अडकलीय."

"द्या," म्हणून तिनं मुठीतून हात काढला, तलवार काखेत मारली आणि सही केली. पेन परत देताना सहज वर पाहिलं, तर साहेब कठड्यावरून वाकून बघत होते.

तिनं निमूटपणे हात परत मुठीत घातला.