टर्बाइनचं ओझं मी उतरवलं

यंत्रांचं मला कळतं! सापेले गावी आजीकडचा जनरेटर खोकायला लागला की सगळे देवाला हाका मारतात. मी फ्रिजचा प्लग काढते. खोकला गायब!

म्हणून ईस्टरच्या सोमवारी पापा डबा घेताना म्हणाले, "तेजिरी, आज वीजघराच्या कंट्रोल रूममध्ये मी पहिल्यांदाच एकटा. टर्बाइन बंद पडलं तर चीफसाहेब मला परत पंपांवर बसवतील," तेव्हा मनात म्हटलं, मी आहे ना!

एरवी टर्बाइनची बहुतेक वीज खाणारा रबर कारखाना सुट्टीमुळे बंद. वीज जात होती फक्त आमच्या कॉलनीला. अकराच्या सुमारास टर्बाइन रोजचा सूर सोडून गुरगुरायला लागलं, पोट बिघडलेल्या बोकडासारखं. दमलं बिचारं!

मी घरोघर निघाले. "एसी बंद! फ्रीझर बंद! पापांचा निरोप आहे!" (खोटंच, पण चांगल्या कामासाठी.)

"अगं, माझे मासे आहेत त्यात!" शेजारच्या ओघाले आंटी ओरडल्या.

"दार उघडू नका, टिकतात!"

चाळीस घरं झाली आणि गुरगुर वाढली. म्हणजे अजून जड होतंय! मी चर्चच्या हॉलमधले सहाही एसी बंद केले. गाणारी मंडळी घामाने निथळली, पण गात राहिली. तेवढ्यात पापांचा फोन.

"तेजिरी, कॉलनीत काय झालंय? विजेचा लोड कुठे गेला?"

"काढला, पापा! जवळजवळ सगळा!"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "बाळा, हा आजीचा जनरेटर नाही. टर्बाइनवर थोडं तरी ओझं लागतं, नाहीतर आतली ज्योत नीट जळत नाही. लोड इतका खाली दहा मिनिटं राहिला की कंट्रोल आपणहून मशीन बंद करतं. त्यातली सहा झाली."

मी जी धावले!

"आंटी, सगळं चालू करा! इस्त्रीसुद्धा!"

"मघाशी बंद, आता चालू! तुझ्या बापाचं काही एक ठरलंय का?"

"लावा हो!"

"कपडे सगळे झालेत माझे."

"मग पडदे करा!"

नवव्या मिनिटाला कॉलनीत एकतीस इस्त्र्या तापल्या होत्या आणि भर उन्हात अंगणातले दिवे जळत होते. गुरगुर थांबली. पापा वाचले!

संध्याकाळी ते रागावले नाहीत. नुसता एक कागद भिंतीला चिकटवला. लोड घसरला तर: पहिली पायरी, धोक्याची घंटा. दुसरी, तेजिरीला फोन. तिसरी, ती इस्त्री करेल.

गेल्या रविवारी पापांचा फोन आला आणि मी चर्चचे चौदा झगे कडक इस्त्री करून दिले. मशीन मस्त चाललं! सोमवारी शाळेत बाईंनी माझ्या चुरगळलेल्या गणवेशाचं कारण विचारलं. काय सांगणार? त्याची पाळी येईपर्यंत लोड पुरेसा झाला होता.