पुंजाजींचा बाजार

पुंजाजी बाजारात शिरले की दिसेल त्या वस्तूचा भाव विचारत. वांग्यांचा विचारत, मडक्यांचा विचारत, इथपर्यंत ठीक होतं. पण गाडीला जुंपलेल्या बैलाचा, चावडीवरच्या शिपायाच्या पागोट्याचा, आणि एकदा तर माझ्या डोक्यावर उघडलेल्या छत्रीचाही भाव त्यांनी विचारला होता. "कसं लावलं?" एवढाच प्रश्न. समोरच्याने भाव सांगितला की वस्तू हातात घ्यायची, हळूच दाबून पाहायची, नाकाशी न्यायची आणि होती तशी, वांगं असेल तर देठ वर करून, जागेवर ठेवायची. विकणारा वैतागून "घेता का नाही?" म्हणाला की शांतपणे सांगायचं, "पाहून रायलो बापा, घेऊन नाही रायलो."

मी तेव्हा अमरावतीत एका अडत्याकडे दिवाणजी होतो. कापसाच्या गाड्या आल्या की त्या उतरवून घ्यायच्या, कुणाचा माल कुठे पडला ते ध्यानात ठेवायचं आणि शेटजींच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. अकोल्याहून इथे आलो तो बरी नोकरी म्हणून. नोकरी बरी होतीही, पण जीव विटला होता. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, सगळे इथल्या कापसावर तुटून पडले, आणि त्यापायी आमची इथली झोप गेली. रस्त्यात गाड्याच गाड्या. कापसाचं तूस, ते बारीक तंतू, जिथे तिथे: वरणात तूस, अंथरुणात तूस, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या डोक्यावरही तूस. ओळखीचा माणूस भेटला तर "बरे आहात ना?" असं कुणी विचारीना. "आज काय भाव निघाला?" हेच विचारत. आणि तो भावही कुणी मोठ्याने बोलत नसे. दलाल रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत आणि तोंडावर असा भाव ठेवत की जणू घरात कुणी गेलंय.

अशा गावात भर रस्त्यात खणखणीत आवाजात वांग्याचा भाव विचारणारा हा एकच म्हातारा. जात माळ्याची, वेशीबाहेर थोडी बागाईत. लोकांनी त्याला वेडा ठरवून टाकलं होतं. मला मात्र तो पाहिला की बरं वाटे, कारण माझ्याकडे त्याचं काही काम नसे.

एकदा, हिशेबाने डोकं उठलं होतं म्हणून, मी त्यांना म्हणालो, "चला पुंजाजी, मीही येतो तुमच्याबरोबर फिरायला."

"नाही जमत," ते म्हणाले. "बाजार एकट्यानं पाहा लागते. दोघं असले का बाजार रायते बाजूले अन् गप्पा होतात."

त्यांची वाट ठरलेली असे. वेशीतून आत, मग कुंभारांची ओळ, मग कासार, मग भाजीची ओळ, आणि शेवटी चिंचेचं झाड. गंमत अशी की यातलं निम्मं आता जागेवर नव्हतंच. कुंभारांना कापसाने केव्हाच हुसकून लावलं होतं. कासार आपलं चंबूगबाळं घेऊन अकोटला गेला होता आणि तिथे सरकीच्या धंद्यात पडला होता. भाजीवाल्या कुठे कुठे कोपऱ्यात, गाड्यांच्या मधे बसत. तरी पुंजाजी जुन्याच वाटेने चालत. जिथे कधीकाळी मडक्यांची उतरंड होती तिथे अंग चोरून वळत, कुणाचं मडकं फुटू नये म्हणून. आमचे हमाल पोट धरधरून हसत.

परत जाताना वेशीपाशी आणखी एक तमाशा होई. पुंजाजी अंगरखा झटकत. बाह्या झटकत, धोतर झटकत, पागोटं सोडून झटकत, आणि मग जो कोणी जवळ असेल त्याच्याकडे पाठ करून म्हणत, "मांगं पाहा बरं, काही रायलं काय?" तुसाचा एक कण राहिला तरी त्यांना चालत नसे. ज्या गावात देवालाही तूस चुकलं नव्हतं तिथे ह्या माणसाला एवढी टापटीप कशाला हवी होती, ते काही कळत नव्हतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मधे तो दगड आला. चिंचेखाली एक सपाट दगड होता, एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढा. पुंजाजी फेरी संपली की दगड पागोट्याच्या शेवाने पुसत आणि त्याच्या शेजारी, जमिनीवर बसत. दगडावर कधीच बसत नसत आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. हमाल बोजा घेऊन आले की पुंजाजी हात आडवे पसरून उभे राहत. "अथी नाही. हे जागा धरून ठेवेल हाये."

"कोणासाठी?"

"हाये एक जण."

हंगाम ऐन भरात, जागेला सोन्याची किंमत, आणि शेटजींचे बोजे तीन बाजूंनी त्या दगडाला येऊन भिडलेले. एक दिवस शेटजींचा पारा चढला. "दिवाणजी, ये आदमी भेदी है. सगळ्यांना भाव विचारतो, घेत काही नाही. कुणाला पोचवतो? उद्या बाजार आहे, त्याच्या मागे जा अन् पाहून या. आणि परवा तो दगड उखडून टाका."

मी कुठे नाही म्हणणार! दुसऱ्या दिवशी निघालो. आयुष्यात प्रथमच मी तो बाजार चालत पाहिला. रोज तिथेच मरत होतो, पण पाहिला नव्हता. पुंजाजी मेथीच्या जुडीशी थांबले की मीही थांबे, त्यांनी सांबाराचा वास घेतला की तो कोथिंबिरीचा वास मलाही येई, आणि मला माझ्या आईच्या हातची आमटी आठवे. नसलेल्या मडक्यांपाशी ते वळले तेव्हा मीही अंग चोरून वळलो. हमाल माझ्याकडेही पाहून हसले.

वेशीपाशी झटकाझटकी झाली. मग ते बाहेर पडले ते थेट माळ्यांच्या वस्तीत, विहिरीलगतच्या एका घरात शिरले. मी कुंपणाशी उभा राहिलो.

ओसरीत बाजेवर एक बाई पडली होती. चेहरा तरतरीत, पण कमरेखालचा देह कुणी आणून ठेवल्यासारखा निर्जीव. पुंजाजी तिच्या उशाशी बसले, घसा खाकरला आणि सुरू झाले.

"हं, गिरजे, वेशीतून शिरलो. कुंभार बसला व्हता. मडके चांगले भाजेल हायेत यंदा. मी म्हणलं, कसं लावलं? तर म्हणे, तुमचंच घर समजा."

"अन् कासारीण?"

"ते त पुसतच व्हती. गिरजाबाई कवा येते म्हणे. हिरवे काकणं ठेवले तिनं तुह्यासाठी."

"वांगे?"

"वांगे लय आले. चकाकून रायले नुसते. स्वस्त हायेत."

वांगी त्या दिवशी डोळे पांढरे करतील अशी महाग होती, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. कासारीण अकोटला. कुंभार देव जाणे कुठे. म्हातारा खऱ्या बाजारात मेथीचा वास आणि वांग्याची चकाकी गोळा करी आणि घरी येऊन तिच्यासाठी जुना बाजार पुन्हा मांडी. मी कुंपणाला धरून उभा होतो आणि मला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

"अन् माही जागा?" बाई म्हणाली.

"खालीच हाये, कोणी नाही बसलं. दगड पुसून आलो ना."

"कुंपणाजोळ कोण हाये?"

पुंजाजी दचकून उठले. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "हे... दिवाणजी हायेत. बाजारातलेच."

"मंग यायलेच पुसते," गिरजाबाई म्हणाल्या. "दिवाणजी, आयुष्य गेलं माहं त्या चिंचेखाली भाजी विकण्यात. माही जागा खाली हाये ना?"

पुंजाजी माझ्याकडे पाहत राहिले.

"आहे," मी म्हणालो. "दगडसुद्धा आहे."

पुंजाजी लगबगीने गूळ-पाणी आणायला आत गेले. ते आत जाताच बाईंनी मला खूण करून जवळ बोलावलं. उशाखालून तुसाचा एक गोळा काढला, लिंबाएवढा.

"हे पाहा. दर बाजाराले त्यायच्या आंगरख्यावर निंगते. किती झटकले तरी पाठीवर रायतेच. कुंभाराच्या ओळीतून येणाऱ्या माणसाले तूस काहून लागन, दिवाणजी? बाजार कापसानं खाल्ला, मले काय समजत नाही?"

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"सांगतलं त जातीन कायले ते बाजारात? मंग दिवसभर अथीच बसतीन, माह्या पायाकडं पाहत." त्यांनी गोळा परत उशाखाली सारला. "याच्या वाती वळते मी. रोज दिवा लागते त्यायच्या तुसाचा. त्यायले माहीत नाही. सांगू नका."

गूळ-पाणी आलं. मी ते प्यायलो. गोड लागलं की नाही, आठवत नाही.

शेटजींनी विचारलं, "कुठे पोचवतो भाव?"

"घरी. बायकोला."

"कापसाचा?"

"वांग्यांचा."

शेटजी बराच वेळ हसले. पण दगड उखडायचा हुकूम कायम होता. सकाळी हमाल पहारी घेऊन आले तेव्हा मी माझी लिहायची पेटी उचलून चिंचेखाली नेली आणि दगडाला लागून बैठक मारली. शेटजींना सांगितलं, इथून चारही बाजूंच्या गाड्या नजरेत राहतात, माल इकडचा तिकडे होणार नाही. मालाचं नाव काढल्यावर शेटजी कुरकुरले, पण कबूल झाले. दुपारी ऊन थेट तोंडावर येई, मुंग्या चावत, आणि गाड्यांचा धुरळा उडून पेटीत जाई. पण दगड राहिला.

पुढच्या बाजाराला पुंजाजी आले. दगडाशेजारी मला पाहून थबकले. दगड पुसला आणि पलीकडच्या बाजूला बसले. मग म्हणाले, "गिरजीले तुमचं सांगा लागन आता. तुह्या शेजारी एक नवा माणूस बसते म्हणतो."

"काय विकतो म्हणून सांगाल?"

त्यांनी माझ्याकडे, माझ्या पेटीकडे आणि भोवतालच्या कापसाच्या डोंगराकडे पाहिलं. विचार केला. "वांगे," ते म्हणाले. मग गंभीरपणे विचारलं, "कसे लावले?"

मी लेखणी खाली ठेवली. "स्वस्त आहेत, पुंजाजी. घेऊन जा."

"पाहून रायलो बापा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "घेऊन नाही रायलो."

मग उठले. जागच्या जागीच अंगरखा झटकला, बाह्या झटकल्या, धोतर झटकलं, आणि माझ्याकडे पाठ केली.

"मांगं पाहा बरं, दिवाणजी, काही रायलं काय?"

दोन खांद्यांच्या मधोमध तुसाचा चांगला झुबका चिकटला होता. दोन दिवसांच्या वाती सहज झाल्या असत्या.

"काही नाही," मी म्हणालो. "या आता."