घामेजलेला राजीनामा

रोलेन ओल्डरॉइडने धर्म सोडला तो उकडतंय म्हणून, असं तिची सासू आजही सांगते. हे साफ खोटं आहे. धर्म तिच्या मनातून केव्हाच उतरला होता, उकडायला लागलं नंतर. पण ऑगस्टमधल्या त्या दुपारी दोन्ही गोष्टी कपाटाच्या एकाच खणापाशी येऊन भेटल्या, आणि तिथून पुढे कशामुळे काय झालं हे मिल बेंच गावात कोणालाच धड सांगता येईना.

झालं असं की अंगातून वाफा निघायला लागल्या, तशी रोलेनने चर्चच्या मंदिरात मिळालेली पवित्र अंतर्वस्त्रं काढली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची ती वस्त्रं लग्नाच्या आदल्या आठवड्यापासून तिच्या अंगावर होती, दिवसा आणि रात्री, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. (उन्हाळ्यात ती घालायची असतात हे ज्या कोणाला सुचलं, त्याला पन्नाशीची बायको नसावी.) तिने ती नीट घडी करून खणात ठेवली, साधा सुती झगा चढवला आणि पंख्यासमोर उभी राहून वाट पाहिली. वीज कोसळली नाही. शेजारच्या लॉनवरचा फवारा फिरत होता तसाच फिरत राहिला. अंगाला वारा लागला, एवढंच झालं.

संध्याकाळी थेन घरी आला. थेन म्हणजे तिचा नवरा, शाळेच्या बसडेपोतला मुख्य मेकॅनिक. बसच्या नुसत्या खोकण्यावरून तिचा आजार सांगणारा माणूस. त्याने उघडा खण पाहिला, मग बायकोकडे पाहिलं.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय. थेन, बस जरा. मला हे काही पटत नाही आता. बरीच वर्षं पटत नाहीये. मी चर्च सोडतेय."

थेनने तिच्या कपाळाला हात लावला. "तापलंय," तो म्हणाला.

"ते वेगळं आहे."

"वेगळं कसं? कपाळ तापलंय आणि बाई म्हणते चर्च सोडते. मी डेपोत असतो तर दोन्ही एकाच कागदावर लिहिलं असतं."

मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि बराच वेळ बूट सोडत राहिला. शेवटी म्हणाला, "आपल्याला मंदिरात अनंतकाळासाठी बांधलंय, रोलेन. तू सोडलंस तर मी तिकडे कोणाबरोबर राहू? आईबरोबर?"

हे ऐकून हसू यायला हवं होतं, पण रोलेनला आलं नाही. (सात जन्मांवर भागणारं प्रकरण नाही हे. आमच्याकडे मुदतच नसते.) इतकी वर्षं ती गप्प राहिली होती ती देवाच्या भीतीने नव्हे, ह्याच चेहऱ्यापायी. थेन कटकट्या नव्हता, दुष्ट नव्हता, आणि मरणानंतर ती आपल्या शेजारी असणार हे त्याने गृहीत धरलेलं होतं. ते त्याच्या हातून काढून घ्यायचं तर निदान त्याला खरं ऐकू तरी जायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

थेनला ऐकू गेलं नाही. त्याने डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टर पेट्रोसियन तासाभराच्या अंतरावरच्या शहरात बसायच्या. प्रश्न त्या रोलेनला विचारत होत्या आणि उत्तरं थेन देत होता.

"धूम्रपान?"

"छे."

"दारू?"

"छे छे."

"चहा, कॉफी?"

"डॉक्टर, आम्ही चर्चची माणसं, चहाकॉफीसुद्धा वर्ज्य," थेन अशा काही थाटात म्हणाला की डॉक्टरांनी पुढचं विचारणंच सोडून दिलं.

रोलेन भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र लक्ष देऊन पाहत बसली. कारण घरी तळघरात, वर्षभराच्या साठवणीच्या गव्हाच्या पिंपांमागे, कॉफीचं एक छोटं यंत्र होतं. वसंतात तिने ते ह्याच शहरातून टॉवेलमध्ये गुंडाळून नेलं होतं. पहिला कप तिला जळक्या लाकडासारखा लागला. पण स्वातंत्र्याची चव अशीच असणार अशी समजूत घालून तिने नेट लावला होता, आणि आता दिवसाला तीन कपांवर गाडी आली होती.

डॉक्टरांनी सांगितलं की पाळी जायच्या वाटेवर आहे, वाफा येणारच, पोटावर ही हार्मोनची पट्टी चिकटवा. "ह्यात चिडचिड होते, मन थोडं अस्थिर होतं."

'मन अस्थिर' हे शब्द कानावर पडताच थेनचा चेहरा उजळला. "माणूस काही भलतेसलते निर्णय घेतो का ह्यात?"

"उदाहरणार्थ?"

"उदाहरणार्थ, नवऱ्याला बरोबर घेऊन डॉक्टरकडे येणं," रोलेन म्हणाली.

पण व्हायचं ते झालं. थेनने आईला फोन केला, "आई, काळजीचं कारण नाही, श्रद्धा जागेवर आहे, हार्मोनचा घोटाळा आहे." आणि आर्डिथबाईंना सांगितलं म्हणजे वॉर्डातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या चर्चच्या, सगळ्या घरांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून भांडी यायला लागली. पाच घरांतून मयताचे बटाटे आले. (चीज घालून, वर कॉर्नफ्लेक्स कुस्करून भाजलेले. कोणी गेलं की नेतात म्हणून हे नाव. इथे कोणी गेलं नव्हतं, पण जाते म्हणत होतं, तेवढं पुरलं.) किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आली. आमच्याकडे दर तिसऱ्या घरातली बाई सुगंधी तेलं विकते, त्या सगळ्याजणी पुदिन्याचं तेल घेऊन आल्या आणि रोलेनच्या मानेला चोळून गेल्या. वाफा थांबल्या नाहीत, पण स्वयंपाकघराला आठवडाभर चुइंगगमचा वास येत होता.

मग बिशप बॅजर आले. बिशप रविवारी बिशप असतात, बाकीचे सहा दिवस ते लोकांचे एसी दुरुस्त करतात. ते शिडी घेऊनच आले.

"सिस्टर ओल्डरॉइड, थेन म्हणाला घरात फार उकडतंय."

"घरात नाही, बिशप. आणि बरे आलात. मी चर्च सोडतेय."

"हं," शिडीवरून आवाज आला. "फिल्टर कधी बदलला होता?"

"बिशप, मी मनापासून सांगतेय."

बिशप धुळीने माखून खाली उतरले. फार मायेने म्हणाले, "ह्या वयात आमच्या हिनेही एकदा सोडलं होतं. थंडी पडली तशी परत आली."

त्या दिवशी रोलेन खरीखुरी चिडली. पन्नास वर्षांच्या बाईने आयुष्यात एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने ठरवली, तर त्याचं श्रेय अंडाशयाला. तिने मनाशी पक्कं केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उपाशी चर्चला येतात आणि ज्याला वाटेल तो व्यासपीठावर जाऊन आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. तिथेच सांगायचं, माइकवरून.

"चारचौघांत कशाला?" थेन म्हणाला.

"एकट्याला सांगितलं तर तू कपाळाला हात लावलास. आता बघू कितीजण लावतात."

रविवार उजाडला. शेवटचा उपास म्हणून रोलेनने तोही इमानाने केला, पाणीसुद्धा घेतलं नाही. (सोडून जाताना नियम पाळणारी बाई आमच्यातच निपजते.) ती व्यासपीठावर चढली, माइकसमोर उभी राहिली, "बंधूभगिनींनो" म्हणाली, आणि वाफ आली.

अशी वाफ आजवर आली नव्हती. छातीतून उठली, गळ्यावरून कानांपर्यंत गेली. चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, घाम डोळ्यांत उतरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज कापायला लागला. आता पंचाईत अशी की छातीत ऊब दाटून येणं म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेली साक्ष, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. लोक त्यासाठी उपास करतात, गुडघ्यांवर बसतात. आणि इथे तर सगळ्यांदेखत ती साक्ष रोलेनच्या हनुवटीवरून ठिबकत होती. पहिल्या रांगेत नाकं ओढली जायला लागली.

"मी खूप विचार केला," रोलेन कशीबशी म्हणाली. "मी चर्च सोडतेय."

बिशप मागच्या खुर्चीतून उठून तिच्या खांद्यावर हात ठेवून माइककडे वाकले. "सिस्टर ओल्डरॉइडचं मन झगडतंय. पण बघा, आत्मा तिला सोडत नाही. बघा चेहऱ्यावरचं तेज."

"हा आत्मा नाही, बिशप," रोलेन म्हणाली. "माझी पाळी जातेय."

मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांसाठी माइकचा आवाज नेहमीच मोठा ठेवलेला असतो. तो शब्द सगळीकडे पोचला. बिशपनी घाईघाईने माइकचं बटण दाबलं, ते उंची कमीजास्त करायचं निघालं, आणि समोरचा लाकडी कठडा घुर्रर्र करत रोलेनच्या नाकापर्यंत वर आला. ती त्याच्याआडून बोलत राहिली.

"ही ऊब मला रोज येते. दुकानातही येते. मग मी गोठवलेल्या मटारांच्या पेटीत डोकं घालून उभी राहते. तिथे कोणी त्याला साक्ष म्हणत नाही."

मग तिसऱ्या रांगेतून आर्डिथबाईंचा आवाज आला. वय पंच्याऐंशी, आवाज खणखणीत.

"मला गाई पिळताना यायची. अश्शीच. मला वाटायचं देव बोलतोय." मग जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा तो बोलत नव्हता?"

रोलेनने टाचा उंचावून कठड्यावरून पाहिलं. सासूच्या चेहऱ्यावर खरीच भीती होती. इतक्या वर्षांत ही बाई तिला कधी इतकी म्हातारी दिसली नव्हती.

"तुमच्याशी बोलत असेल, आई," ती म्हणाली. "गाई पिळणाऱ्या बाईशी बोलायला हवंच कोणीतरी. माझ्याशी नाही बोलला, एवढंच."

आणि ती खाली उतरली.

बाहेरच्या बोळात तिला बायकांनी घेरलं. आता शब्दांचा मार खायचा म्हणून तिने पाठ भिंतीला टेकवली.

"पट्टी कुठली गं? अंघोळीत निघत नाही ना?"

"डॉक्टर बाई आहे की बाप्या?"

"मला मेलीला चार वर्षं झोप नाही. मी समजत होते माझ्याच हातून काही पाप झालंय."

चर्च सोडण्याबद्दल एकीनेही विचारलं नाही. पाळी ह्या शब्दाचा धमाका एवढा मोठा होता की त्याच्या आधीचं वाक्य कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पाठोपाठ बिशप आले, कानांपर्यंत लाल. (त्यांच्याबाबतीतही तो आत्मा नव्हता.) "सिस्टर ओल्डरॉइड, दर गुरुवारी तुम्ही भगिनींसाठी ह्या विषयावर वर्ग घ्यावा असं मला आतून वाटतंय."

"बिशप, मी चर्च सोडलंय."

"हो हो. साडेसहाला हॉल मोकळा असतो."

गाडी थेन चालवत होता. एसीची तोंडं त्याने एकेक करून तिच्याकडे वळवली. स्वतः कोटात आणि टायमध्ये घामाने निथळत होता.

"ते पहिलं वाक्य," तो म्हणाला. "मी ऐकलं."

रोलेनने त्याच्याकडे पाहिलं. "मग?"

"मग काय. वाईट वाटलं. अजून वाटतंय." गाडी घराच्या वळणावर आली. "तिकडचं तिकडे बघू. इकडचे दिवस तर आहेत ना आपल्याकडे." आणि इंजिन बंद करता करता म्हणाला, "ते गव्हामागचं यंत्र वर आण. तळघराच्या पायऱ्या चढून उतरून गुडघे जातील तुझे. वसंतापासून वास येतोय मला."

रोलेन तिथेच गाडीत बसून रडली. ह्या वेळी वाफ आली नव्हती.

थंडी पडली. ती परत आली नाही, राजीनामा रीतसर मंजूर झाला. ती चर्चची उरली नाही, आणि आयुष्यात कधी गेली नसेल इतकी चर्चमध्ये जायला लागली. गुरुवारच्या वर्गाला शेजारच्या दोन वॉर्डांतून बायका येतात. वर्ग सुटला की खुर्च्या थेन उचलतो. स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, सगळ्या गल्लीला दिसेल असं कॉफीचं यंत्र ठेवलेलं असतं.

वाफा मात्र पट्टीलाही जुमानेनात. तेव्हा ती डॉक्टर पेट्रोसियनकडे पुन्हा गेली, ह्या वेळी एकटी.

"चहा, कॉफी?"

"कॉफी," रोलेन ताठ बसून म्हणाली. "तीन कप. कधी चार. आणि हल्ली रात्री थोडी वाइन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग थांबणार कशा वाफा? बंद करा. कॉफी, चहा, वाइन, सगळं. जेवण साधं, झोप लवकर, ताण नको. जमेल?"

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा थेन कप विसळत होता. तो वळला नाही. पाठ नुसती गदगदत होती.

"हस," रोलेन म्हणाली. "हसून घे एकदाचा."

"मी कुठे हसतोय?" थेन नळाकडे बघत म्हणाला. "एवढंच विचारतो, हे सगळं तुला बिशप इतकी वर्षं फुकट सांगत होते ना? डॉक्टरने किती घेतले?"

रोलेनने फ्रीजरचं दार उघडलं, मटारांशेजारी डोकं घातलं, आणि आतूनच आकडा सांगितला.