पेन सापडेना

दुपारचे चार वाजले आणि पातं कुठे ठेवलं ते सरांना काही केल्या आठवेना. सर म्हणजे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. सुरक्षितता या विषयावर त्यांनी त्याच दिवशी सकाळी सगळ्यांना अर्धा तास पिळलं होतं.

पातंही साधंसुधं नव्हे. पेशंटच्या शरीरातला तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढणारं. बोटाला लागलं तर रक्त आधी दिसतं, कळ मागून येते. काप काढायच्या मशीनवर कव्हर होतं, आणि पातं काढल्याशिवाय कव्हर घालायचं नाही हा सरांचा वीस वर्षांचा शिरस्ता. म्हणजे मशीनमध्ये नाही. वापरलेल्या पात्यांचा पिवळा डबा उघडायची सक्त मनाई, तीही त्यांचीच. त्यांनी डबा कानाशी धरून हळूच हलवला. आत खळखळ झाली, पण त्यावरून काय कळणार?

आता मावशी झाडायला येणार. त्यांचा हात कुठल्याही कोपऱ्यात जातो. खरं सांगावं तर अब्रू जाणार, म्हणून ते टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे झाले.

"काय शोधताय सर?" मावशी दारातूनच म्हणाल्या.

"पेन. तुम्ही तिथेच थांबा."

तेवढ्यात मुख्य डॉक्टरबाई आल्या. "पेन ना? हे घ्या माझं."

"नको मॅडम, तेच हवंय. सासऱ्यांनी दिलेलं आहे."

सासऱ्यांनी त्यांना आजवर फक्त सल्ले दिले होते. पण डॉक्टरबाई विरघळल्या. त्यांनी बाहेरच्या तिघांना हाक मारली, आणि सर नको नको म्हणेपर्यंत सगळे गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागले. सरांना दरदरून घाम फुटला. मावशींना तर राहवेना. त्यांनी सरळ कपाटाखाली कोपरापर्यंत हात घातला.

"मावशी, हात काढा," सर ओरडले. "पेन नाही, पातं हरवलंय माझं."

तापल्या तव्याला लागावेत तसे सगळ्यांचे हात मागे आले.

"पातं होय?" मावशी शांतपणे उठून बसल्या. "ते मशीनलाच आहे. दुपारी तुम्ही फोनवर बोलत बाहेर गेलात, पातं तसंच उघडं. मी मशीनचं चाक लॉक केलं, पात्यावर गार्ड लावला, सकाळी तुम्ही दाखवलंत तसंच. वरून कव्हर घातलं, ते आपलं माझ्या मनाने."

"अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"तुम्ही पेन म्हणालात ना. खिशाला एक लावलेलं दिसत होतं मला. पण सासऱ्यांचं म्हटल्यावर वाटलं, ते वेगळं असेल."

सरांनी आधी मावशींची दहाही बोटं नीट बघून घेतली, आणि मगच खाली मान घालून स्वतःच्या खिशाकडे बघितलं.