उरलेलं उत्तर

"सर, एक उत्तर उरतंय," टायपिस्टबाई म्हणाल्या.

पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखांनी मान वर केली नाही. ते लाल पेन्सिलीला टोक काढत होते.

"उरू द्या."

"पण सर, प्रश्न पंधरा आहेत आणि उत्तरं सोळा. म्हणजे मधेच कुठेतरी—"

"बाई, तुम्ही टाइप करायचं, वाचायचं नाही. उरलंय ते शेवटी टाका, वर 'अधिक माहिती' असं लिहा. जास्त मिळालं म्हणून कोणी तक्रार करत नाही."

झाले होते ते असे. शनिवारी विभागप्रमुखांचे सापेक्षतावादावर जाहीर व्याख्यान होते. लोक नेहमी विचारतात ते सोळा प्रश्न त्यांनी पिवळ्या कागदावर लिहून काढले आणि त्यांची सोळा उत्तरे पांढऱ्या कागदांवर. आयत्या वेळी त्यांना चौथा प्रश्न आवडेनासा झाला. 'हे सगळे खरे असेल तर आम्हाला रोज का जाणवत नाही?' असा तो प्रश्न. "अगदीच बाळबोध!" असे पुटपुटत त्यांनी त्यावर लाल रेघ ओढली, पाचव्याला चौथा नंबर दिला, सहाव्याला पाचवा, आणि असे करत शेवटपर्यंत गेले. पांढऱ्या कागदांवरच्या चौथ्या उत्तराला मात्र त्यांनी हात लावला नाही.

'वाचायचं नाही' हा नियम अकरा वर्षे जुना. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी त्यांचे एक वाक्य सुधारले होते. तेव्हा त्यांनी विचारले होते, "तुम्हाला सापेक्षता कळते?" बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणाल्या. "मग वाचू नका." त्या दिवसापासून बाई नुसती अक्षरे उमटवत. अर्थात डोळ्यांना झापडे लावून टाइप करता येत नाही. अकरा वर्षांत त्यांनी खोलीतली सगळी सापेक्षता वाचून काढली होती, आणि ती त्यांना आवडलीही होती. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, एवढेच.

ते दिवस स्टेन्सिलचे होते. टाइपरायटरची फीत बाजूला करायची, मेणकागदावर अक्षरे कोरायची आणि तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवायचा. शिपाईकाकांनी दांडा फिरवून तीनशे प्रती काढल्या, टाचण्या मारल्या आणि शाईने काळे झालेले हात पुसत म्हणाले, "बाई, छान उठलंय हो. एक अक्षर फुटलेलं नाही."

ते खरे होते. एकही अक्षर चुकलेले नव्हते.

शनिवारी सभागृह भरले. लोकांनी पुस्तिका आधीच वाचायला घेतली होती आणि त्यांच्या चेहऱ्यांवर आदर होता. 'प्रकाशापेक्षा वेगाने का जाता येत नाही?' या प्रश्नाखाली 'कारण आपण फार हळू चालतो' असे उत्तर होते. ते सगळ्यांना पटले. 'दोन जुळ्या भावांपैकी एक अवकाशात जाऊन आला, तर तरुण कोण राहील?' याखाली होते, 'त्यासाठी अमर्याद ऊर्जा लागेल, आणि ती कोणाकडेच नाही.'

"हे मात्र शंभर टक्के खरं," दुसऱ्या रांगेतली नर्स शेजारणीला म्हणाली. "तरुण राहायला ऊर्जा लागतेच. माझी तर दुपारपर्यंतच संपते."

अध्यक्षस्थानी प्राचार्य होते. ते इतिहासाचे. त्यांनी प्रास्ताविकातच पुस्तिका उंचावली. "गुरुत्वाकर्षण म्हणजे काय? सहावा प्रश्न बघा. आणि उत्तर बघा. 'जो प्रवास करून परत आला, तो.' मित्रहो, किती खोल! इतकी वर्षं मी याला विज्ञान समजत होतो, हे तर तत्त्वज्ञान आहे!"

टाळ्या पडल्या. विभागप्रमुखही हसून मान तुकवत होते, कारण टाळ्यांत त्यांना नीट ऐकू आले नव्हते.

व्याख्यान सुरळीत झाले. मग घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ उभे राहिले. "माझ्या धंद्यातला प्रश्न आहे म्हणून विचारतो. आठवा प्रश्न बघा. 'दोघांची घड्याळे वेगळी वेळ दाखवत असतील, तर बरोबर कोणाचे?' त्याचं उत्तर तुम्ही दिलंय, 'पाय डोक्यापेक्षा जास्त जोराने ओढले जातात आणि माणूस लांबत जातो.' तर साहेब, यात पाय कोणाचे?"

विभागप्रमुखांनी पहिल्यांदाच पुस्तिका उघडली. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. समोरच्या पेल्यातलेही त्यांनी एका दमात संपवले.

"पाय…" ते म्हणाले. "पाय हे, म्हणजे, काट्यांच्या अर्थाने घ्यायचे. मोठा काटा आणि लहान काटा…"

"आणि लांबतो तो माणूस कोण?"

"तो… निरीक्षक."

पुढची दहा मिनिटे त्यांनी त्या माणसाला असा काही लांबवला, की घड्याळवाले खाली बसून वहीत टिपून घेऊ लागले. शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईंना ते बघवेना. माणूस लांबतो तो कृष्णविवरात, हे त्यांना अकरा वर्षांपासून ठाऊक होते. त्या उभ्या राहिल्या.

"सर, उत्तरं एक घर सरकलीयत. चौथ्यापासून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नाखाली आहे."

तीनशे लोकांनी एकदम पाने उलटली. आधी कुजबुज झाली, मग हशा झाला आणि मग सगळ्यांनी प्राचार्यांकडे बघितले. प्राचार्यांचे कान लाल झाले.

विभागप्रमुखांनी कपाळ पुसले. "टंकलेखनातली चूक दिसतेय," ते माइकवरून म्हणाले.

सोमवारी बाईंच्या टाइपरायटरवर एक कागद ठेवलेला होता. 'सदर चूक टंकलेखन करताना माझ्या हातून झाली,' एवढाच मजकूर, आणि खाली सहीसाठी जागा. बाईंना नोकरीला एकतीस वर्षे झाली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांच्या सेवापुस्तकात एकतीस वर्षांत लाल शाईचा ठिपका नव्हता. हा कागद त्यात कायमचा चिकटणार होता.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

घरी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, करून टाक ना सही! चार महिन्यांनी तुझं पुस्तक कोण उघडून बघणार आहे?"

"मी बघणार आहे."

"तू? ते तर कपाटात कुलूपबंद असतं."

"असू दे. आत काय लिहिलंय ते मला ठाऊक असेल ना!"

मंगळवारी प्राचार्यांनी बजावले की येत्या शनिवारच्या दुसऱ्या व्याख्यानाआधी शुद्धिपत्र छापले पाहिजे आणि सहीचा कागद त्यांच्या टेबलावर आला पाहिजे. त्यांना दोष द्यायला कोणीतरी हवे होते. 'जो प्रवास करून परत आला, तो' हे वाक्य आता विद्यार्थी जिन्यात म्हणत होते.

विभागप्रमुखांनी सूर बदलला. ते बाईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "हे बघा बाई, सापेक्षता काय सांगते? तुमच्या जागेवरून बघितलं तर तुम्ही बरोबर. माझ्या जागेवरून मी बरोबर. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मग सही करायला काय हरकत आहे?"

"सर, हे तुमचं नववं उत्तर. ते एकमेकांपासून भरधाव जाणाऱ्या माणसांसाठी आहे. आपली टेबलं अकरा वर्षं जागची हललेली नाहीत."

"आणि अकरावं उत्तर बघा," बाई थांबल्या नाहीत. "'कारण आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम कोणत्याही निरीक्षकासाठी बदलत नाही.' तुम्ही लाल रेघ मारली ती आधी. उत्तरं सरकली ती नंतर. तुम्ही दारातून बघा, खिडकीतून बघा, नाहीतर अवकाशात जाऊन बघा. रेघ आधीच."

"तुम्ही… वाचता?"

"अकरा वर्षं. साधा उपाय आहे, सर. चौथा प्रश्न परत घाला. सगळी उत्तरं आपोआप जागेवर बसतील."

"तो बाळबोध प्रश्न माझ्या पुस्तिकेत येणार नाही!" विभागप्रमुख उठले. "शुद्धिपत्र टाइप करा. सुरुवात, 'टंकलेखिकेच्या चुकीमुळे'…"

बाईंनी हात मांडीवर ठेवले. "हे शब्द या हातांनी उमटणार नाहीत."

"मग मी टाइप करतो! त्यात काय एवढं कठीण आहे?"

"बसा," म्हणत बाईंनी खुर्ची रिकामी केली.

पहिले स्टेन्सिल विभागप्रमुखांनी फीत न सरकवताच टाइप केले. कागद काळा झाला, पण एकही अक्षर कोरले गेले नाही. दुसऱ्यावर फीत काढली, पण इतक्या जोराने बोटे मारली की प्रत्येक अनुस्वाराच्या जागी भोक पडले. शिपाईकाकांनी ते खिडकीकडे धरून बघितले. "साहेब, हे स्टेन्सिल आहे का चाळणी?" तिसरे आडवे बसले. चौथ्यावर त्यांनी चुका पुसायचे लाल औषध सांडले आणि ते स्वतःच्या बाहीने टिपले. बुधवार गेला, गुरुवार गेला. बाई समोरच्या स्टुलावर बसून पुस्तिका उघडपणे वाचत होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी सातवे स्टेन्सिल पुरे झाले. चारच ओळींचे होते.

"वाचून बघू का, सर?" बाईंनी विचारले.

"वाचायचं नाही!" विभागप्रमुख ओरडले. शिपाईकाकांनी तीनशे प्रती काढल्या.

शनिवारी व्याख्यानाला तास उरला असताना प्राचार्यांनी दोघांनाही बोलावले. त्यांच्यासमोर पुस्तिका होती, सहीचा कागद होता आणि शुद्धिपत्र होते. या वेळी त्यांनी प्रत्येक उत्तर स्वतः ताडून बघितले होते.

"'टंकलेखिकेच्या चुकीमुळे उत्तरांच्या जागा बदलल्या आहेत,'" त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'चौथ्या प्रश्नापासून प्रत्येकाचे उत्तर त्याच्या मागच्या प्रश्नाखाली वाचावे.' मागच्या! ठीक आहे. जुळ्या भावांत तरुण कोण? मागच्या प्रश्नाखाली बघितलं. 'कारण आपण फार हळू चालतो.'"

विभागप्रमुखांनी खिशातून रुमाल काढला.

"गुरुत्वाकर्षण म्हणजे काय? 'त्यासाठी अमर्याद ऊर्जा लागेल, आणि ती कोणाकडेच नाही.' माझ्याकडे तर मुळीच नाही आता! उत्तरं एक घर सरकली होती ती आता दोन घरं सरकली. हे टाइप कोणी केलं?"

विभागप्रमुख रुमालाची घडी घालू लागले.

"मी विचारतोय, टाइप कोणी केलं? बाई, तुम्ही?"

"नाही, सर. मला वाचायलाही मनाई होती."

"मग?"

"मी," विभागप्रमुख म्हणाले. सबंध सभागृहाला माइकशिवाय ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, तो आता टेबलापलीकडेही जेमतेम पोचला.

प्राचार्यांनी सहीचा कागद उचलला आणि तो बाईंपुढून सरकवत विभागप्रमुखांपुढे नेला. "यात लिहिलंय, 'टंकलेखन करताना माझ्या हातून झाली.' नाव कोणाचंच लिहिलेलं नाही. एक तर तुम्ही यावर सही करा आणि तो कागद तुमच्या सेवापुस्तकात जाईल. नाहीतर खरं काय झालं ते शुद्धिपत्रात छापा, म्हणजे हा कागद मी फाडतो. लोक यायला लागलेत."

दोघे विभागात परत आले. शिपाईकाका सायक्लोस्टाइलपाशी बाह्या सरसावून उभे होते. बाई आपल्या खुर्चीवर बसल्या, फीत सरकवली, आठवे स्टेन्सिल चढवले आणि रेषेत आणले.

"मजकूर तुम्हीच करा ना, बाई," विभागप्रमुख म्हणाले. "तुम्हाला आता सगळं ठाऊकच आहे."

"नाही, सर. मजकूर तुमचा. सांगा तुम्ही."

विभागप्रमुख खिडकीशी गेले. घसा खाकरला. "लिहा. 'टंकलेखनातील…'"

बाईंची बोटे कळांच्या वर होती, वीतभर उंच. ती तिथेच राहिली. यंत्र गप्प होते. खाली फाटकातून लोक आत येत होते. नर्स होती, घड्याळवाले होते, आणि या खेपेला त्यांनी मोठी वही आणली होती.

"'छपाईतील…'" विभागप्रमुख म्हणाले.

शिपाईकाकांनी दांड्यावरचा हात काढून घेतला.

बराच वेळ गेला. निदान विभागप्रमुखांच्या घड्याळाने तरी बराच गेला.

"'विभागप्रमुखांनी…'" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, आणि त्यांचे पुढचे अक्षर तोंडातून बाहेर पडायच्या आत टाइपरायटर असा धावत सुटला, की ओळीच्या टोकाची घंटा वाजली तेव्हा त्यांना बाईंना गाठण्यासाठी घाईघाईने बोलावे लागले.