चेंडू ज्याच्या हाती

“अख्खी सकाळ चेंडू त्या वकिलाकडेच. तान्हं बाळ असल्यासारखा मांडीवर घेऊन बसलाय,” एक मुलगी शेजारणीच्या कानाशी पुटपुटली. वर्गातल्या सगळ्यांत बोलघेवड्या मुलाला पोरं वकील म्हणत. (हाती चेंडू नसताना पुटपुटणं नियमबाह्य होतं. वर्ग घेणाऱ्या ताईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं.)

कोणतीही समस्या सोडवण्याआधी ती बोलून दाखवायचा अधिकार कुणाचा, हे ठरवावं लागतं. तरुणांना समस्या सोडवायला शिकवणाऱ्या या वर्गात ताईंनी ते ठरवून टाकलं होतं. पिवळा चेंडू ज्याच्या हाती त्यानेच बोलायचं, आणि एकट्याने काहीही करायचं नाही, जे करायचं ते गटाने. नियम इतका गाजला की तो पाहायला आज वरच्या कचेरीतून साहेब आले होते. पसंत पडला तर ताईंची नेमणूक कायम. नाहीतर आहेच पुन्हा भांडारात खडूंची खोकी लावणं.

आणि नेमका आजच वकिलाच्या हातून चेंडू निसटला आणि टुणटुण उड्या मारत लोखंडी कपाटाखाली गेला.

आता चेंडू कपाटाखाली आहे हे सांगायलाही चेंडूच हवा होता. तरी कुणी गडबडलं नाही. एका गटाने तक्त्यावर कपाटाचं सुबक चित्र काढलं. दुसऱ्याने मूळ कारणं लिहून काढली (चेंडूचा गोलपणा, फरशीचा उतार, घरचे संस्कार). तिसऱ्याने खुणांनी मतदान घेतलं. प्रचंड बहुमताने चेंडू बाहेर यावा असं ठरलं. तो आला नाही. कपाटाखाली धुळीचे थर होते, आणि साहेब येणार म्हणून सगळेच कडक इस्त्रीत आले होते.

साहेबांनी वहीत लिहिलं, ‘कमालीची शिस्त.’ ते दुरूनच वाचून ताईंचा जीव भांड्यात पडला. घंटा होईपर्यंत गप्प बसलं की झालं.

मग त्यांना ती पुटपुटणारी मुलगी दिसली. बोलायला मिळावं म्हणून तिने सकाळीच हात वर केला होता. आता त्याला दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता.

(वाचकांना उपाय केव्हाच सुचला आहे. तेही खुर्चीतून उठलेले नाहीत.)

ताईंनी एकदा साहेबांच्या वहीकडे पाहिलं आणि रिकाम्या हातांनीच बोलल्या, “हात खाली घे गं बाळा. चेंडू कसा काढायचा ते इथे प्रत्येकाला माहीत आहे. गुडघे टेकायचे नाहीत कुणाला. मलासुद्धा नाहीत.”