पाच न वाजलेली संध्याकाळ

संगणकाला पळवायचं कसं, हे मला विचारा. आता माझे गुडघे नेतील तिकडेच मी जाते, पण शोवा सम्राटांचा काळ संपत आला होता, म्हणजे ऐंशीचं दशक सरत होतं, तेव्हा आमच्या डोंगरगावात संगणकाच्या पोटात हात घालणारी मी एकटीच बाई होते. बाईच काय, एकटीच माणूस होते.

नवऱ्याच्या तोफूच्या दुकानामागे, भिजवलेल्या सोयाबीनच्या पिंपांशेजारी बसून मी एक इंटरप्रिटर तयार केला होता. म्हणजे दुभाषाच. माणसाने लिहिलेला प्रोग्राम ओळीओळीने वाचायचा आणि यंत्राकडून तसंतसं करून घ्यायचं. नाव ठेवलं नामेको, मिसोच्या सुपात घालतो त्या बुळबुळीत अळंबीवरून. तिचं घर एकच, आमची नगरपालिका. तिथले सगळे प्रोग्राम नामेकोवर चालत, आणि ते लिहीत कुवाबारा-सान. हा माणूस इतका सभ्य, की दाराला धडकला तर दाराची माफी मागायचा.

तक्रार एकच होती. रहिवासी दाखला मागितला की माणूस समोरच्या दुकानात जाऊन सोबाच्या शेवया खाऊन, वाडग्यातलं सूप पिऊन परत यायचा, तरी दाखला अर्धाच छापलेला असायचा.

त्या शरद ऋतूत तोक्योहून इनागाकी नावाचा विक्रेता नवीन यंत्र आणि मिठाईचा मोठा डबा घेऊन आला. नगराध्यक्ष ओनोदेरा म्हणाले, "फुमिए-सान, शुक्रवारच्या बैठकीत ठरवू. तुमची नामेको ठेवायची की निरोप द्यायचा."

निरोप! एकुलतं घर गेलं की नामेको माझ्या पिंपांशेजारीच सडणार होती.

"तुम्ही बघाच," मी म्हटलं. "शुक्रवारी ती अशी पळेल, की तुमच्या इनागाकींना घाम फुटेल."

मी नामेकोचं पोट उघडलं, आणि दुखणं लगेच सापडलं. पोरगी अती प्रामाणिक होती. काहीही न करता नुसतं वीस हजारांपर्यंत मोज, असं कोणी लिहिलं, तर ही खरंच मोजत बसायची. मी तिला शहाणं केलं. मोजण्याच्या फेरीच्या आत काही काम नसेल, तर ती फेरी सरळ सोडून द्यायची. रिकाम्या टोपलीत हात घालून काय मिळणार?

शुक्रवारी दुपार कलल्यावर मी नवी नामेको नगरपालिकेच्या यंत्रावर चढवली, आणि बैठक भरली. इनागाकी वाकून नमस्कार करायला लागले, आणि ते सरळ उभे राहायच्या आत नगराध्यक्षांचा दाखला छापून बाहेर पडला. ते दाखल्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हसून शिक्का बाहेर काढला, शाईला लावला, आणि माझ्या करारावर धरला.

तेवढ्यात पाच वाजले.

पाच वाजले की आमच्या दरीतल्या सगळ्या खांबांवरच्या, नगरपालिकेच्या कर्ण्यांतून एक जुनं, संथ गाणं वाजतं. ते ऐकून पोरं खेळ टाकून घरी येतात, शेतातली माणसं अवजारं धुतात, घरोघरी भात लागतो. त्या दिवशी गाणं वाजलं नाही. सगळ्या कर्ण्यांतून एकदम आवाज आला, "चिर्रक्!" जसा मांजराच्या शेपटीवर पाय पडावा. आणि मग शांतता.

शिक्का हवेतच थांबला.

आता, त्याच आठवड्यात नगरपालिकेने घरोघरी पत्रक वाटलं होतं. कर्ण्यावर एकच छोटा, कर्कश आवाज आला, तर समजा गावात अस्वल शिरलंय. दारं लावून घरात बसा.

गावाने पत्रक नीट वाचलं होतं. खिडकीतून दिसत होतं, समोरच्या सोबावाल्याने गिऱ्हाइकांसकट शटर खाली ओढलं. शिकारी मंडळाचे म्हातारे नारिंगी जॅकेटं चढवून, कुत्रं घेऊन देवळाकडे धावत सुटले. इनागाकी मिठाईचा डबा छातीशी धरून टेबलाखाली गेले.

फोन वाजला. माझ्या सासूबाई.

"फुमिए, अस्वल कुठवर आलंय? मी दाराला मुळ्याच्या लोणच्याचं पिंप लावलंय."

"आई, अस्वल नाहीये. पाच वाजले, एवढंच."

"काहीतरीच काय. गाणं कुठे झालं?"

"घड्याळ बघा ना."

"घड्याळ पुढे गेलं असेल. गाणं झाल्याशिवाय मी भात लावणार नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"मी कर्ण्यावरून सांगतो, अस्वल नाही म्हणून," कुवाबारा-सान पांढरे पडत म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

सूचनेच्या आधी कर्ण्यावर पिंग-पोंग अशी घंटी वाजते. ती म्हणाली, "चिर्रक्!" दुसरं अस्वल. अर्धे शिकारी देवळाकडून नदीकडे वळले. मग कुवाबारा-सानांनी अत्यंत नम्रपणे सगळ्यांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. इतका वेळ मागितली, की अस्वल नाही हे शेवटी आलं, आणि तोवर सगळ्यांनी खिडक्याही बंद केल्या होत्या. सूचना संपल्यावर परत घंटी. "चिर्रक्!" तिसरं.

"बटणापासून लांब व्हा," नगराध्यक्ष म्हणाले.

मी गाण्याचा प्रोग्राम उघडला. एक सूर, मग काहीही न करता वीस हजारांपर्यंत मोज. दुसरा सूर, परत मोज. शहाणी झालेली नामेको मोजणं सोडून देत होती, आणि सगळे सूर एकमेकांच्या अंगावर पडत होते.

"हे काय आहे, कुवाबारा-सान?"

"थांबणं."

"थांबायची वेगळी आज्ञा आहे की नामेकोत!"

"असेल असं वाटलं होतं मला. पण तेवढ्यासाठी तुम्हाला कशाला त्रास द्यायचा? तुम्ही तोफूत हात घालून उभ्या असता."

मला शंका आली. मी दाखल्याचा प्रोग्राम उघडला. प्रत्येक ओळीनंतर वीस हजार.

"आणि हे?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "दाखला झटकन आला, तर लोकांना वाटेल आम्ही नीट तपासलं नाही. अपमान वाटतो हो त्यांना."

म्हणजे माझी नामेको कधी हळू नव्हतीच! मी पदर खोचून भांडायला... म्हणजे किमोनोच्या बाह्या बांधून भांडायला उभी राहिले. "तुमचे प्रोग्राम सुधारा. माझी सुधारणा मी काढणार नाही. ती बरोबर आहे."

"असं मोजणं आणखी कुठे आहे?" नगराध्यक्षांनी विचारलं.

कुवाबारा-सान हळूच म्हणाले, "शाळेच्या घंटेत. कालव्याच्या दरवाजात. सार्वजनिक स्नानगृहाच्या गरम पाण्यात."

गरम पाणी ऐकल्यावर मी मुकाट्याने सुधारणा काढून टाकली.

अंधार पडल्यावर गाणं वाजलं, संथ, पहिल्यासारखं. दरीत एकेक शटर वर गेलं. शिकारी परत आले, एक कोल्हा बघून. सासूबाईंनी भात लावला.

नगराध्यक्षांनी टेबलाखाली वाकून विचारलं, "इनागाकी-सान, तुमचं यंत्र इतकं हळू चालेल का?"

इनागाकी प्रामाणिक होते. "क्षमा करा," खालून आवाज आला, "तशी सोय आमच्याकडे नाही."

आणि शिक्का माझ्या करारावर पडला.

त्यानंतर नामेकोत मी पुष्कळ सुधारणा केल्या, स्मृती आवरायची नवी रीत घातली, चुका पकडणं शिकवलं. कोणी दखल घेतली नाही. पण त्या शुक्रवारच्या आवृत्तीसोबत मी लिहून दिलं होतं, "या वेळी काहीही सुधारलेलं नाही," आणि त्यासाठी सगळं गाव महिनाभर आमच्या दुकानात आभार मानायला येत होतं.